भाचा शाळा चुकवतो, मारामाऱ्या करतो आणि लेखक होणार म्हणतो. त्याला काय सांगावे?

आपल्या तेरा वर्षांच्या भाच्याच्या दप्तरातली वही वाचून घरचे हादरले आहेत, असे आपण लिहिले आहे. त्याला काही सांगण्याआधी ती वही त्याला परत द्यावी आणि न विचारता वाचल्याची चूक घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने त्याच्यापाशी कबूल करावी, असे मला वाटते.

माझे बालपण कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका बोळात गेले. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला होते. पगाराच्या दिवशी ते कोणत्या अवस्थेत आले आहेत हे आई सायकलच्या आवाजावरून ओळखत असे. सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज आला तर ती ताट वाढायला घेई, आणि बोळात आडवी पडल्याचा आला तर मला शेजारच्या काकूंकडे पाठवी. सातवीत मी एका मुलाचा दात पाडला होता आणि शाळेच्या वेळेत रंकाळ्यावर बसून राहत होतो. वडिलांनी आणलेल्या, ऑइलचा वास येणाऱ्या जुन्या चलनबुकांच्या कोऱ्या पाठीवर मी हे सारे लिहीत असे. सायकलचे ते दोन आवाजही त्यात होते.

एके रात्री ते कागद वडिलांच्या हाती पडले. त्यांनी मारले नाही (मार मला नवा नव्हता); त्यांनी ते पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवले. पुढची दोन वर्षे मी लिहीत राहिलो, पण कोणीही वाचले तरी चालेल असेच: पहाट, पहिला पाऊस, कष्टाळू शेतकरी. त्या निबंधांना शाळेत बक्षिसेही मिळाली.

मग आत्याने करवीर नगर वाचन मंदिराचे सदस्यत्व काढून दिले. 1850 सालचे हे वाचनालय आहे. मी काय वाचतो, असे आत्याने कधीही विचारले नाही. तिथेच मला आनंद यादवांचे 'झोंबी' मिळाले. आमच्या शेजारच्या कागलच्या मुलाने बापाचा मार आणि शाळेसाठीची ओढाताण उघडपणे लिहून छापली, आणि त्या पुस्तकाला 1990 साली साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला, हे कळले तेव्हा मी सायकलचे आवाज पुन्हा लिहून काढले.

लिहून पोट भरत नाही, हे त्याला आत्ताच ऐकवण्याची घाई करू नका. दहावीनंतर सांगा, आणि सांगताना वि. स. खांडेकर 1920 ते 1938 शिरोड्यात शाळामास्तर होते, यादव प्राध्यापक होते, हेही सांगा. मी स्वतः एका छापखान्यात मुद्रिते तपासतो आणि पहाटे लिहितो.

लिहिण्याने मारामाऱ्या थांबतील, अशी आशा मात्र धरू नये. माझ्या थांबल्या नाहीत. त्यासाठी समुपदेशकाकडे जावे, आणि वहीत जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल तर आजच डॉक्टरांना भेटावे. बाकी, वाचनालयाची वर्गणी भरा आणि कपाटातला कुलपाचा एक खण त्याला रिकामा करून द्या. त्याची दुसरी किल्ली आपल्याजवळ ठेवू नका.