पुनर्निर्मित ट्रान्सफॉर्मर्सचा संग्रह सुरू करताना

लहानपणी राहून गेलेला ऑप्टिमस प्राइम, म्हणजे ट्रकचा यंत्रमानव होणारे ट्रान्सफॉर्मर्स मालिकेतले खेळणे, तुम्हाला आता पुनर्निर्मित (जुन्या नमुन्यावरून कंपनीने पुन्हा काढलेल्या) रूपात घ्यायचा आहे, हे तुमच्या पत्रात वाचून मनापासून आनंद झाला. प्रथम तो एकच घ्या. स्वस्त दिसली म्हणून चार खेळणी एकदम उचलणे ही सुरुवातीची नेहमीची चूक आहे.

अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीने १९८४ साली आणलेली या मालिकेतली बरीच खेळणी मुळात जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांतली आहेत, आणि पुनर्निर्मित नगांवरही काही वेळा जुनेच साल कोरलेले आढळते. म्हणून केवळ त्या आकड्यावरून कोणी जुन्या मालाचा भाव सांगत असेल, तर खोक्यावरचा मजकूर वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. मी एकदा फोटोवर विसंबून नक्कल घेतली होती. पहिल्याच रूपांतरात खांद्याची पिन बाहेर आली आणि छातीच्या खिडक्या पुन्हा नीट मिटल्या नाहीत.

सांधा अडला, तर जोर न लावता पुस्तिका पाहा. चकचकीत मुलाम्याचे भाग बोटांनी घासू नका, कारण तो थर एकदा उडाला की परत येत नाही. स्टिकर चिमट्याने, सावकाश लावा. उन्हाने पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते, तेव्हा खिडकीजवळची जागा टाळा. आणि सांगलीत कृष्णेच्या जवळ राहत असाल, तर २०१९चा पूर आठवून खोके वरच्या फळीवरच ठेवा. दुर्मीळ आवृत्त्या आणि साच्यांमधले बारीक फरक यांविषयी पहिला नग हाताळून झाल्यावर अवश्य विचारा.