मोटोक्रॉसमध्ये करिअर केलं तर रेसिंग संपल्यावर पुढे काय? भारतात कोणाचं खरंच काही झालंय का?

तू वय १९ लिहिलंयस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. तुझा प्रश्न वाचला आणि वडिलांचं वाक्यही वाचलं, की तिशीपर्यंत हाडं मोडून घेशील आणि मग घरी बसशील. मलाही घरी हेच ऐकायला लागायचं. मी पुण्यात नऊ वर्षं मोटोक्रॉस, म्हणजे मातीच्या, उड्या-वळणांच्या ट्रॅकवर बाइकची रेस, केलं, बहुतेक नोव्हिस (नवख्यांच्या) आणि लोकल क्लासमध्ये, दोनदा कॉलरबोन गेलं, एकदा मनगट. प्रोफेशनल कधीच नव्हतो, त्यामुळे माझं उदाहरण तुझ्या कामाचं नाही. कामाचं उदाहरण आहे बंगळुरूच्या सी. एस. संतोषचं, आणि ते नीट सांगतो कारण लोक फक्त अर्धं सांगतात.

लोकांना संतोष म्हणजे डकार रॅलीवाला, वाळवंटातून अनेक दिवस चालणाऱ्या त्या अवघड रॅलीचा, एवढंच माहीत असतं. पण तो मूळचा मोटोक्रॉस-सुपरक्रॉसचा (सुपरक्रॉस म्हणजे स्टेडियममध्ये बांधलेल्या ट्रॅकवरचं मोटोक्रॉस) माणूस. टीव्हीएसच्या टीमकडून खेळायचा, राष्ट्रीय टायटल्स जिंकली, आमच्यासारखी पोरं त्याचे फोटो फोनमध्ये ठेवायची. आता इथे थांबून विचार कर. नॅशनल चॅम्पियन झाला, पुढे काय? अमेरिकेत रिकी कारमायकल नावाचा रायडर होता, त्याने सुपरक्रॉस आणि आउटडोअर मोटोक्रॉस मिळून १५० रेस जिंकल्या आणि २००७ ला, वयाच्या २७ व्या वर्षी, फुल टाइम रेसिंग सोडलं. त्याच्याकडे लहानपणापासून ट्रॅक होते, बाइक कंपन्यांच्या स्वतःच्या, म्हणजे फॅक्टरी टीम होत्या, पैसा होता, वर चढायला जिना होता. आपल्याकडे नॅशनल जिंकलं की जिना संपतो, वर गच्चीच नाही. पगारावर रायडर ठेवणाऱ्या टीम हाताच्या बोटावर मोजण्याएवढ्या, बाकी सगळे स्वतःच्या खिशातून. माझं सांगतो, २०११ च्या आसपास मला एका राउंडला, म्हणजे एका ठिकाणच्या रेसला, टायर, ऑइल, टेम्पोभाडं, एन्ट्री, मेकॅनिकचं जेवण धरून अठरा-वीस हजार जायचे आणि माझ्या क्लासला पहिला आलो तरी हातात पाच हजार यायचे.

संतोषने काय केलं तर त्याने खेळाचा प्रकारच बदलला. रेड दि हिमालय ही डोंगरातली रॅली जिंकली, मग वाळवंटातल्या क्रॉस कंट्री रॅलीकडे वळला. ऐकायला सोपं वाटतं पण हे म्हणजे चारशे मीटर धावणाऱ्याने अचानक मॅरेथॉनला उभं राहण्यासारखं आहे, आणि वर रस्ताही स्वतःच शोधायचा. मोटोक्रॉसला दीड-दोन किलोमीटरचा लॅप असतो, तिसऱ्या लॅपला प्रत्येक बर्म (वळणावरचा मातीचा बांध), प्रत्येक जंप पाठ झालेला असतो, जागतिक पातळीवर मोटो, म्हणजे एक रेस, तीस मिनिटं अधिक दोन लॅप, पण त्या तीस मिनिटांत हार्ट रेट वरच अडकून राहतो आणि आर्म पंप झाला, म्हणजे हात ताठरून सुजले, की बोटांना क्लच ओढवत नाही, हँडल नुसतं धरून ठेवायचं. डकारला उलटं, दिवसभरात शेकडो किलोमीटर, समोर रोडबुक, म्हणजे वाटेच्या खुणा लिहिलेली गुंडाळी, एका डोळ्याने ते वाचायचं आणि एका डोळ्याने दगड बघायचा, पुढे काय येणार हे माहीतच नसतं. मोटोक्रॉसवाल्याची सवय असते फुल थ्रॉटल, ती सवय वाळवंटात जिवावर बेतते.

आणि त्याला फटका लगेच बसला. २०१३ ला अबू धाबीच्या रॅलीत गाडीने पेट घेतला आणि त्याची मान भाजली. बहुतेकांनी इथेच सोडलं असतं, मी तर नक्की सोडलं असतं. तो परत उभा राहिला आणि २०१५ च्या जानेवारीत ब्यूनस आयर्सला डकारच्या स्टार्टला होता, वय ३१. कारमायकल ज्या वयाच्या आधीच थांबला त्या वयात हा सुरुवात करत होता. त्या वर्षीचा डकार अर्जेंटिना, चिली, बोलिव्हिया असा होता, बोलिव्हियात उयुनीच्या मिठाच्या सपाटीवर पाणी साचलेलं, त्यातून गाड्या घातल्या आणि खाऱ्या पाण्याने भल्याभल्या फॅक्टरी गाड्यांचं वायरिंग गेलं. संतोष शेवटपर्यंत पोचला, ३६ वा. डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय. मला तो दिवस आठवतो, आमच्या ग्रुपवर कोणीतरी रिझल्टचा स्क्रीनशॉट टाकला आणि आम्ही गॅरेजमध्ये पेढे वाटले, ज्यांना डकार म्हणजे काय माहीत नव्हतं त्यांनाही वाटले.

त्यानंतर हीरोने स्वतःची रॅली टीम काढली आणि संतोष त्यात आला. हे मला सगळ्यात मोठं वाटतं, की एका भारतीय कंपनीने डकारला उतरायचं ठरवलं तेव्हा तिथे जाऊन आलेला आपला एक माणूस तयार होता. २०१८ ला तो ३४ वा आला. मग वाईट काळ. १२ जानेवारी २०२० ला सौदीत त्याचा टीममेट पाउलो गोन्साल्विस स्टेजमध्ये, म्हणजे त्या दिवसाच्या टप्प्यात, पडून वारला. तोही पोर्तुगालमधून मोटोक्रॉस करूनच आलेला, २०१५ ला डकारमध्ये दुसरा होता. हीरोने अख्खी टीम मागे घेतली. आणि पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी २०२१, चौथी स्टेज, संतोषचा सातवा डकार, तो जोरात पडला. डोक्याला मार, खांदा निखळलेला, हेलिकॉप्टरने रियाधच्या हॉस्पिटलला नेलं आणि डॉक्टरांनी औषधं देऊन कोमात ठेवलं. ते दिवस आम्ही फोन उशाशी घेऊन काढले. नंतर तो शुद्धीवर आला, बंगळुरूला परत आला. पण डकारला परत उतरला नाही.

तुझ्या वडिलांना हा भाग लपवून सांगू नकोस. हा खेळ असाच आहे.

आता तुझा खरा प्रश्न, पुढे काय. संतोषने बंगळुरूपासून कोलारच्या बाजूला बिगरॉक नावाचा डर्टपार्क उभा केला, तिथे ऑफरोड चालवायला शिकवतात, म्हणजे पाय कुठे, कोपर कुठे, उतारावर ब्रेक कसा, हे सगळं शिस्तीत. आम्ही हे सगळं पडून शिकलो, आमच्या वेळी शिकवणारं कोणी नव्हतं, जो पुढे पळायचा त्याच्या मागे लागायचं एवढंच. आणि २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली रेस झाली तेव्हा टीमांमध्ये बिगरॉकही होती. मी मुलीला घेऊन गेलो होतो. आमच्या बालेवाडीत परदेशी रायडर ट्रिपल जंप मारतायत, स्टँड गच्च भरलंय, हे बघून माझे डोळे भरले, खरंच. त्याच रस्त्याला मी ना कधी स्पॉन्सर मिळवू शकलो ना धड प्रॅक्टिसला जागा.

आणि हे फक्त एकाच माणसाचं नाही. केरळच्या शोरानूरचा हरित नोआ, तोही सुपरक्रॉसचा नॅशनल चॅम्पियन, २०२१ च्या त्याच डकारला २० वा आला आणि २०२४ ला त्याने रॅली २ हा, सगळ्यात वरच्या क्लासच्या खालचा, क्लास जिंकला, ओव्हरऑल ११ वा. संतोष नसता तर हरितला डकारची वाट दिसली असती का? माझ्या मते एवढ्या लवकर नसती दिसली.

तेव्हा करिअर होतं, पण नुसतं रेस जिंकून होत नाही. पंचविशीपर्यंत तुला कळेल की तू फॅक्टरीच्या पगारावर जाण्याइतका फास्ट आहेस का नाही, लॅप टाइम खोटं बोलत नाही. नसशील तर ट्रेनिंग, सस्पेन्शनचं काम, इंजिन ट्यूनिंग, टीम चालवणं, ट्रॅक बांधणं, या सगळ्याला आता माणसं लागतात, दहा वर्षांपूर्वी लागत नव्हती. माझा एक जुना जोडीदार आज फक्त सस्पेन्शन करतो आणि त्यावर त्याचं घर चालतं. कॉलेज सोडू नकोस, डिप्लोमा मेकॅनिकलचा असेल तर उत्तमच.

शेवटचं, गाडी कुठली घेऊ विचारलंयस. आत्ता कुठलीच नको. आहेत ते पैसे आधी चांगलं हेल्मेट, नेक ब्रेस, नी ब्रेस (मान आणि गुडघे वाचवणारे पट्टे) आणि बूट यात घाल, आणि ते सेकंडहँड घेऊ नकोस, हेल्मेट तर अजिबात नाही. मग एखाद्या ट्रेनिंगला दोन-तीन दिवस त्यांचीच गाडी भाड्याने चालव. आणि जाताना वडिलांना सोबत ने, त्यांना कुंपणाला उभं राहून बघू दे. माझे वडील पहिल्यांदा आले ते माझ्या रेसिंगच्या सातव्या वर्षी, नाशिकच्या एका राउंडला, आणि घरी येताना टेम्पोत पुढे बसून ड्रायव्हरला माझा होलशॉट, म्हणजे पहिल्या वळणावर मी सगळ्यांच्या पुढे कसा निघालो ते, समजावून सांगत होते.