जागल्या, खबऱ्या की वर्दी देणारा?

अमेरिकी काँग्रेसपुढे ‘यूएपी’बद्दल (अनआयडेंटिफाइड अनॉमलस फिनॉमेना), म्हणजे पूर्वीच्या भाषेत उडत्या तबकड्यांबद्दल, ज्या साक्षी झाल्या त्यांच्या बातम्या वाचून एका वाचकानं विचारलं आहे : ‘व्हिसलब्लोअर’ला, म्हणजे आतला गैरप्रकार उघड सांगणाऱ्याला (शब्दशः शिट्टी वाजवणाऱ्याला), कुणी ‘जागल्या’ म्हणतं, कुणी ‘भांडाफोड करणारा’, तर कुणी ‘खबऱ्या’. यातलं बरोबर कोणतं? आणि ‘व्हिसलब्लोअर प्रोटेक्शन’ला नुसतं ‘संरक्षण’ म्हटलं तर चालेल का?

‘खबऱ्या’ आधीच बाजूला काढू. खबऱ्या पोलिसांचा असतो. त्याचं नाव बाहेर येत नाही, बऱ्याचदा तो त्याच गुन्हेगारी वर्तुळातला असतो आणि खबरीच्या बदल्यात त्याच्या पदरात काहीतरी पडतं. डेव्हिड ग्रश यांना हा शब्द लावणं अन्यायाचं आहे. ग्रश हे अमेरिकी हवाईदलाचे माजी गुप्तवार्ता अधिकारी. २६ जुलै २०२३ रोजी ते प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे नावानिशी, शपथेवर बोलले. मानवनिर्मित नसलेली यानं सरकारच्या ताब्यात आहेत आणि ही माहिती काँग्रेसपासून दडवली जाते, असं चार वर्षांत चाळीसहून जास्त लोकांशी बोलून आपल्या कानावर आलं, हा त्यांचा दावा. शेजारी नौदलाचे दोन माजी वैमानिक होते, डेव्हिड फ्रेव्हर आणि रायन ग्रेव्हज. नोकरीतली पत पणाला लावून उघड बोलणारा माणूस खबऱ्या कसा?

‘भांडाफोड’ आणि ‘गौप्यस्फोट’ यांची अडचण वेगळी आहे. भांडं फुटलं म्हणजे आतलं बाहेर आलं, सगळ्यांनी पाहिलं. इथे तसं काही झालेलं नाही. ग्रश यांचे दावे पेंटॅगॉननं फेटाळले. संरक्षण खात्यात याच कामासाठी उघडलेल्या ‘आरो’ या कार्यालयानं मार्च २०२४ मध्ये जुन्या नोंदींवरचा अहवाल काढला, आणि परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा कसलाही पुरावा मिळाला नाही, असं त्यात म्हटलं. तेव्हा मथळ्यात ‘गौप्यस्फोट’ लिहिणं म्हणजे निकाल आधीच देऊन टाकणं. तिथला कायदाही सांगणाऱ्याचं म्हणणं खरं ठरेपर्यंत थांबत नाही. कुठे सांगितलं आणि कसं सांगितलं, हे तो बघतो.

मला ‘जागल्या’ मनापासून आवडतो. पीक हाताशी आलं की रात्री शेतात राखणीला जातात ती जागल, आणि जागल्या म्हणजे गावाचा रात्रीचा राखणदार. या शब्दाला फितुरीचा वास नाही. जागल्या गावाचाच असतो, गावाच्या वतीनं जागा असतो आणि काही वावगं दिसलं तर सांगणं हे त्याचं कामच असतं. इंग्रजीत आतली गोष्ट सांगणाऱ्याला सगळे हिणकस शब्द होते, म्हणून १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ग्राहक हक्कांसाठी लढणारे अमेरिकी कार्यकर्ते राल्फ नेडर यांना शिट्टी वाजवणाऱ्याची प्रतिमा मुद्दाम रुळवावी लागली. आपल्याकडे मानाचा शब्द आधीच होता. तो वापरात आणणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत.

मात्र मराठीत या शब्दाची व्याप्ती मोठी झाली आहे. माहिती अधिकारातून जमिनींचे घोटाळे बाहेर काढणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी, ज्यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला, तेही आपल्या लेखी जागल्याच. ते बाहेरचे नागरिक होते. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार वर कळवणारे आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत मारले गेलेले अभियंता सत्येंद्र दुबे त्याच प्रकल्पात नोकरीला होते. व्हिसलब्लोअरचे कायदे मुख्यतः दुबे यांच्यासारख्या आतल्या माणसाचा विचार करतात. म्हणून कायद्याबद्दल लिहिताना ‘सेवेतला जागल्या’ किंवा ‘खात्यातला जागल्या’ असं लिहावं, म्हणजे घोटाळा होत नाही.

आता त्या अमेरिकी कायद्याकडे येऊ, कारण तो वाचल्यावर लक्षात येतं की शिट्टीची प्रतिमा इथे नीट बसतच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यात कलम १६७३ आहे. त्यानुसार सरकारी नोकर किंवा कंत्राटदाराकडचा माणूस ‘आरो’च्या ठरवून दिलेल्या यंत्रणेतून यूएपीबद्दल माहिती देऊ शकतो. अशी माहिती दिली तर त्यानं पूर्वी सही केलेला गोपनीयतेचा करार आड येत नाही, गोपनीय कागदपत्रांचे नियम मोडले असं धरलं जात नाही आणि माहिती उघड केल्याचा गुन्हाही होत नाही. संरक्षण आहे ते एवढ्याचं. हीच माहिती त्यानं उद्या वर्तमानपत्राला दिली तर या कलमाचा आधार संपला.

शिट्टी तर सगळ्यांना ऐकू जाते! या कायद्याला हवी आहे ती नेमलेल्या माणसाच्या कानावर घातलेली गोष्ट. त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे : वर्दी. पोलीस पाटलानं ठाण्यात वर्दी दिली, असं आपण सहज म्हणतो. वर्दी गावाला देत नाहीत, अधिकाऱ्याला देतात. त्यामुळे या कलमातल्या ‘ऑथराइज्ड डिस्क्लोजर’साठी ‘अधिकृत प्रकटन’ असला जडशीळ जोडशब्द घडवण्यापेक्षा ‘रीतसर वर्दी’ म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. लोकांपुढे बोलण्यासाठी ‘वाचा फोडणे’ आहेच. ग्रश यांनी दोन्ही केलं, पण क्रमानं. आधी २०२२ मध्ये गुप्तचर यंत्रणांच्या महानिरीक्षकांकडे तक्रार म्हणजे वर्दी दिली. मग जाहीर बोलण्याआधी काय बोलायचं ते पेंटॅगॉनच्या तपासणी कार्यालयातून मंजूर करून घेतलं. सुनावणीतही खासदारांनी ठिकाणं, नावं विचारली की ते पुन्हापुन्हा सांगत राहिले : हे उघड्यावर सांगता येणार नाही, बंद दालनात सांगेन.

वर्दीचा हा विचार त्या देशात जुनाच आहे. ‘वॉरन’ या युद्धनौकेवरच्या दहा जणांनी कमोडोर ईसेक हॉपकिन्स यांच्याविरुद्ध तक्रार केली, त्यानंतर ३० जुलै १७७८ रोजी तिथल्या काँग्रेसनं ठराव केला की सेवेतल्या कुणाचंही गैरवर्तन दिसलं तर काँग्रेसला किंवा योग्य अधिकाऱ्याला ताबडतोब कळवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य आहे. हॉपकिन्स यांनी बदनामीचा दावा लावून तक्रारदारांपैकी सॅम्युअल शॉ आणि रिचर्ड मार्व्हन यांना तुरुंगात घातलं होतं. त्यांच्या बचावाचा खर्च काँग्रेसनं उचलला.

दुसरा प्रश्न ‘संरक्षण’चा. मराठी वाचकाला ‘संरक्षण मिळालं’ म्हटलं की दाराशी बंदूकधारी पोलीस दिसतो. त्यातून ‘संरक्षण खात्यातल्या जागल्याला संरक्षण’ असं वाक्य झालं की डोकं गरगरतं. ‘अभय’ हा सुंदर शब्द सुचतो खरा, पण महापालिका आणि मुद्रांक शुल्कवाल्यांच्या ‘अभय योजनां’नी त्याला थकबाकीदाराला दंडातून सूट असा अर्थ चिकटवला आहे. जागल्यानं काही चुकवलेलं नाही, त्याला माफी कशाची? कायदा ज्यापासून वाचवू पाहतो ते म्हणजे वरिष्ठांचा आकस : बदली, बडतर्फी आणि त्या क्षेत्रात सगळ्यात जीवघेणी गोष्ट, गोपनीय माहिती हाताळण्याचा परवाना काढून घेणं. तो गेला की माणूस कागदोपत्री नोकरीत असला तरी कामातून उठतो. म्हणून ‘आकसाच्या कारवाईपासून संरक्षण’ असं पूर्ण लिहावं. आपल्या सरकारी कार्यालयांत ‘आकसापोटी कारवाई’ हे शब्द रोजचेच आहेत.

हे संरक्षण तरी कितपत भक्कम? अमेरिकेतला व्हिसलब्लोअर संरक्षणाचा १९८९चा मूळ कायदा गुप्तचर यंत्रणांना लागू नव्हता. १९९८च्या कायद्यानं काँग्रेसकडे जाण्याची वाट दिली, पण आकसाविरुद्ध ढाल दिली नाही. ती २०१२ मध्ये अध्यक्ष ओबामांच्या आदेशानं आणि पुढे २०१४च्या कायद्यानं आली. तरीही यूएपीबद्दल बोलणाऱ्यांना आणखी हमी हवी म्हणून टेनेसीचे खासदार टिम बर्चेट यांनी वेगळं विधेयक मांडलं आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी याच विषयावर सुनावणी झाली. आपल्याकडे दुबे यांच्या खुनानंतर २००४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोगाकडे तक्रारीची सोय झाली आणि २०१४ मध्ये कायदाही मंजूर झाला. तो अमलात आणण्याची अधिसूचना मात्र निघालेली नाही, आणि याचा मला खरोखर राग येतो.

राहिला ‘यूएपी’. ‘अज्ञात’ नको. अज्ञात म्हणजे ज्याची माहितीच नाही ते. इथे वस्तू कुणीतरी पाहिलेली असते, कधी रडारवरही टिपलेली असते, फक्त ती काय हे ठरलेलं नसतं. त्याला आपण ‘ओळख न पटलेली’ म्हणतो. शिवाय २०२१च्या कायद्यात ‘हवाई’ घटना होत्या. २०२२च्या कायद्यानं तो शब्द बदलून नेहमीच्या नियमांत न बसणाऱ्या घटना असा अर्थ केला आणि व्याख्येत पाण्यातल्या वस्तूही आहेत, त्यामुळे नव्या कलमाबद्दल लिहिताना ‘आकाशातल्या’ हे विशेषण गाळावं. मी बातमी अशी लिहीन : ‘ओळख न पटलेल्या वस्तूंबद्दल रीतसर वर्दी देणाऱ्या खात्यातल्या जागल्यांना आकसाच्या कारवाईपासून संरक्षण.’ मथळा लांब वाटला तर ‘वर्दी देणाऱ्या जागल्यांवर आकस नको’ एवढंही पुरेल.