माणगावचा पुतळा आणि घरची हरवलेली तिथी

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही दिवेआगरचे. मुंबईला जायचं तर म्हसळ्यावरून माणगावला येतो आणि तिथून पुढची गाडी धरतो. या मे महिन्यात माझ्या मुलाने तहसील कचेरीजवळचा यशवंत घाडगे यांचा पुतळा बघितला आणि विचारलं आई हे कोण, तर मला एवढंच सांगता आलं की लढाईत गेले आणि मोठं पदक मिळालं. घरी विषय निघाला तेव्हा माझे दीर म्हणाले, इंग्रजांच्या पलटणीत होता, इंग्रजांसाठी मेला, आपण त्याला हार का घालायचा? मला ते लागलं पण उत्तर सुचलं नाही. दुसरं म्हणजे आमच्या सासऱ्यांचे सख्खे काका त्याच दुसऱ्या महायुद्धात पलटणीत गेले ते परत आलेच नाहीत. तार आली होती म्हणतात, ती आता घरात नाही, तारीख कुणालाच माहीत नाही म्हणून त्यांचं पान सर्वपित्रीला वाढतो. त्यांचं काही कळेल का?
– एक वाचक, दिवेआगर

उत्तर : ताई, आधी मुलाचं. नायक (हा सैन्यातला हुद्दा) यशवंत घाडगे तुमच्या वाटेवरच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, जन्म 16 नोव्हेंबर 1921 चा. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. जून 1944 मध्ये इटलीतलं रोम जर्मनांच्या हातातून गेलं आणि त्यांची फौज एकेक डोंगर अडवून धरत उत्तरेकडे मागे सरकायला लागली, टायबर नदीचं वरचं खोरं म्हणजे सगळी डोंगराची चढण, वर मशीनगन लावून बसलेले जर्मन आणि खालून चढणारे आपले लोक.

10 जुलैला त्यांच्या कंपनीने अशाच एका पक्क्या मोर्चावर, म्हणजे जर्मनांच्या ठाण्यावर, हल्ला केला. घाडगे एका रायफल सेक्शनचे कमांडर होते, सेक्शन म्हणजे दहाएक जवान. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि काही क्षणात त्यांचे सगळे जवान एकतर गेले नाहीतर जखमी होऊन पडले, उभे राहिले ते एकटे घाडगे. ते तसेच मशीनगनवर धावून गेले. पहिला ग्रेनेड टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला पाडलं. मॅगझिन रिकामं झालं, दुसरं भरायला वेळ नव्हता, तर त्यांनी टॉमीगन नळीकडून धरली आणि राहिलेल्या दोघांना दस्त्याने मारून ठार केलं. मोर्चा ताब्यात आला आणि तेवढ्यात लपलेल्या स्नायपरच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने घेतलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. वय 22. जुलैचा तो आठवडा म्हणजे आपल्याकडे लावणीचे दिवस, पळसगावात माणसं चिखलात वाकून रोपं लावत असतील आणि कुणाला काही पत्ता नसेल. नोव्हेंबर 1944 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, जाहीर झालं, मरणोत्तर.

मुलाला सांगताना एक गोष्ट मुद्दाम सांगा. आपल्याबरोबर यायला मागे कोणी उरलेलं नाही हे त्यांना माहीत होतं, सन्मानपत्रातही तसं लिहिलंय. जमिनीवर पडून राहिले असते तर कुणी नाव ठेवलं नसतं. मला तरी या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते, पदक नंतरचं.

आता तुमच्या दिरांचं. त्यांची चीड खोटी नाही. 1944 साली देशाचे पुढारी अहमदनगरच्या किल्ल्यात बंद होते आणि त्यांना बंद करणाऱ्या सरकारच्याच वर्दीत आपली पोरं लढत होती, हे खरंच आहे आणि ते झाकायचं कारण नाही. पण त्या युद्धात हिंदुस्थानातले 25 लाख लोक सैन्यात होते आणि ते सक्तीने नाही, स्वतःहून भरती होऊन गेलेले होते. कोकणातून माणूस पलटणीत का जायचा हे आपल्याला बाहेरच्या कुणी सांगायला नको, भाताची चार वाफ्यांची जमीन, तीही चार भावांत, मग कुणी मुंबईला गिरणीत, कुणी बोटीवर आणि कुणी पलटणीत, आणि घर चालायचं ते मनीऑर्डरवर. आणि समोर होती हिटलरची फौज. इटलीतल्या मोहिमेत एकूण 20 व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले 6 भारतीय जवानांना मिळाले, आणि तिथे आपले 5,782 जवान गेले. ज्यांच्या भूमीवर हे रक्त सांडलं त्या लोकांनी जुलै 2023 मध्ये मोंतोने गावात घाडगेंच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं केलं, आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत अशा अर्थाचं वाक्य त्यावर लॅटिनमध्ये आहे. ऐंशी वर्षांनी इटलीतलं गाव त्यांची आठवण ठेवतं, तर माणगावात हार घालताना आपण कचरायचं कशाला? मी तर म्हणेन पुढच्या वेळी दिरांनाच बरोबर घेऊन जा.

तुमच्या सासऱ्यांच्या काकांचा प्रश्न वाचून मात्र मी बराच वेळ थांबलो. कारण घाडगेंचीही कबर सापडलेली नाही, त्यांचं नाव इटलीतल्या कसिनो मेमोरियलवर कोरलंय, ज्यांची जागा माहीत नाही अशा चार हजारांवर नावांमध्ये. अशी नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन सांभाळतं आणि त्यांच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट शोधता येतात, मृत्यूची तारीख असते, पलटण असते, बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही असतं. फक्त शोधताना डोकं शांत ठेवा. यशवंतचं तिथे येशवंत झालंय आणि मराठाचं महरट्टा, तर काकांचं नाव चार-पाच स्पेलिंगनी टाकून बघा, आडनावाने नाही मिळालं तर वडिलांच्या नावाने बघा. जिल्हा रायगड टाकलात तर काहीच येणार नाही, तेव्हा कुलाबा होता, आणि तुमचा श्रीवर्धनकडचा भाग तर सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होता, म्हणून जंजिरा हे नावही टाकून बघा. पलटण मराठाच असेल असं धरून चालू नका, कोकणातली पुष्कळ मुलं महार रेजिमेंटमध्येही होती.

तिथे नाही सापडलं तर अलिबागला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, आणि मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र लिहा. जाताना घरातली जुनी ट्रंक, देवघरामागची पत्र्याची पेटी नीट उघडून बघा, एखादं पदक, पेन्शनचा कागद, मनीऑर्डरची पावती, काहीही असेल तर त्यावर काकांचा पलटणीतला नंबर असू शकतो. पदकाच्या कडेवर काही कोरलेलं दिसतंय का तेही बघा, आणि घासून चकचकीत करू नका, अक्षरं जातात.

तारीख मिळाली की गावातल्या गुरुजींकडे न्या, जुन्या पंचांगावरून ते तिथी काढून देतील. मग काकांचं पान त्यांच्याच तिथीला वाढता येईल.