वरच्या अंगाची विहीर कशाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी लालबागला राहतो, गाव सिंधुदुर्गात. गावच्या सड्यावर लोहखनिजाची खाण आहे. खनिज धुतल्यावर उरणाऱ्या गाळाचं तळं आता मोठं करणार आहेत आणि त्याभोवती कंपनी चार बोअर मारतेय. तीन खाली, वाडीच्या बाजूला. चौथा तळ्याच्या वर, डोंगराकडे. गावकरी म्हणतात, पाणी कधी वर चढतं का? रिपोर्ट चांगला यावा म्हणून केलेली ही चलाखी आहे. आमच्या विहिरी आटतील अशीही भीती आहे. गणपतीला गेलो की सगळे मलाच विचारणार. काय सांगू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : विहिरी आटण्याची भीती सोडा. हे बोअर म्हणजे निरीक्षण विहिरी, तळ्यातलं पाणी जमिनीत झिरपतंय का हे तपासायला. अशा विहिरीत पाइप असतो दोन इंची, फार तर चार. त्यातून नमुन्यापुरतं पाणी काढतात, शेताला लावत नाहीत.

वरच्या विहिरीबद्दल गावकऱ्यांना संशय आला हे मला आवडलं, पण चारांतली तीच एक मी कुणाला गाळू देणार नाही. कोकणच्या जांभ्यात लोह आणि मँगनीज मुळातच असतं. समजा, उद्या खालच्या विहिरीत मँगनीज लिटरला ०.४ मिलिग्रॅम निघालं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात स्वीकारार्ह मर्यादा ०.१ आहे. कंपनी म्हणेल, ‘हे तुमच्या मातीतलंच.’ वरच्या विहिरीत, जिथे तळ्याचं पाणी पोचलेलं नाही, तेव्हा ०.०५ असेल तर हे बोलणं टिकणार नाही. वर एक आणि खाली तीन, अमेरिकेत घातक कचऱ्याच्या जागांसाठी निदान एवढ्या विहिरी लागतात.

चलाखी करायचीच तर ती अंतरात होते. तळं भरलं की त्याखाली भूजलाचा उंचवटा तयार होतो आणि तळ्यालगतचं पाणी डोंगराच्या दिशेनंही सरकू शकतं. वरची विहीर तळ्याला खेटून असली तर ती स्वतःच बाटते. मग वर-खाली आकडे सारखेच आणि सगळं आलबेल! म्हणून चारही पाइपांच्या तोंडांची सर्व्हे करून घेतलेली उंची आणि आतली पाण्याची पातळी मागा. भूजलाचा उतार त्यावरून कळतो, डोंगराकडे बघून नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. जांभ्यातून पाणी भराभर खाली जातं, त्याखालच्या चिकणमातीवर अडतं आणि सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं. तळं झिरपलं तर पाणी बहुधा याच वाटेनं वाडीकडे येणार. विहीर फक्त खालच्या कातळात, चाळीस मीटरवर पाणी घेत असेल तर रिपोर्ट वर्षानुवर्षं स्वच्छ येईल आणि गळती तिच्या डोक्यावरून व्हाळाला मिळेल. नुसती उथळ केली तर मे महिन्यात कोरडी. जोडी हवी, एक उथळ, एक खोल. (आमच्या मुंबईच्या काळ्या पाषाणात पाणी फटींतून हिंडतं, विहीर थोडी इकडे-तिकडे झाली तरी हुकते. जांभा त्या मानानं दयाळू.)

बोअर चालू असताना कुणाला तरी तिथे उभं करा. पाइपाच्या खालच्या तीनेक मीटर भागालाच पाणी आत यायला बारीक चिरा असतात. त्याभोवती धुतलेली वाळू, चिरांच्या वर अर्धा-पाऊण मीटरपर्यंत. तिच्यावर बेंटोनाइट या चिकणमातीच्या गोळ्या. त्या भिजल्या की फुगतात आणि फट बुजते. मग जमिनीपर्यंत सिमेंटचा ग्राउट, म्हणजे पातळ कालवलेलं सिमेंट. बोअरवाला घाईत असला की बेंटोनाइटऐवजी बोअरमधून निघालेली मातीच ढकलतो. वरून दोन्ही विहिरी सारख्याच दिसतात, तोच ओटा, तेच कुलपाचं झाकण. पण सील नसलेल्या विहिरीत पावसाचं पाणी पाइपाच्या कडेनं थेट खाली उतरतं आणि नमुना पातळ होतो. पाइपाचे जोड आट्यांचे असावेत. सोल्युशननं चिकटवले तर त्यातली रसायनं नमुन्यात उतरतात. कुठल्या खोलीवर काय लागलं, काय भरलं याची नोंद म्हणजे बोअर लॉग. त्याची प्रत ग्रामपंचायतीला मिळालीच पाहिजे. लॉग नसलेल्या विहिरीचा रिपोर्ट मी वाचतही नाही.

बांध फुटेल का, हे या विहिरी सांगत नाहीत. त्यासाठी बांधाच्या पोटात पिझोमीटर, म्हणजे आतल्या पाण्याचा दाब मोजणारी साधनं लागतात. ब्राझीलमध्ये ब्रुमाडिन्योला २०१९ साली लोहखनिजाच्याच गाळाचा बांध फुटून २७० माणसं गेली. तो प्रश्न कंपनीला वेगळा विचारा, आणि लेखी.

गणपतीपर्यंत मात्र थांबू नका. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. तिथलं आधीचं पाणी कसं होतं याचा आकडा आज कुठून आणणार? तुमच्याकडे अजून वेळ आहे. वाढीव तळ्यात गाळ पडायच्या आत वाडीतल्या दोन-तीन विहिरींचं पाणी तपासून घ्या, एकदा मेमध्ये, एकदा पावसाळ्यानंतर. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा. धातूंच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल लागतं, नाहीतर लोह तांबूस साका होऊन तळाशी बसतं आणि रिपोर्टात कमी दिसतं. घरातली सरबताची बाटली चालणार नाही.