लाल गोळ्या वाटायला निघशील तेव्हा

अगं, आशा म्हणून पहिल्यांदा गृहभेटीला जाशील तेव्हा नुसती पाकिटं हातात ठेवून पुढच्या घरी वळू नकोस. चौथ्या महिन्यापासून गरोदर बाईला रोज एक, अशा 180 लाल गोळ्या. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, सोबत फॉलिक ॲसिड. हे प्रशिक्षणात सांगतातच. बाई गोळी का सोडते, ते मात्र तिच्या ओट्यावर बसल्याशिवाय कळत नाही.

एकीच्या उशाखाली मला तीन पाकिटं जशीच्या तशी सापडली. शी काळी झाली म्हणून ती घाबरली होती, आणि सासूने गोळीच बंद केली. तेव्हापासून पहिल्याच भेटीत सांगते, सासूलाही समोर बसवून: काळी होणारच, अंगाला न लागलेलं लोह आहे ते. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर घे.

आणि चहा! गोळीच्या मागेपुढे तासभर तरी चहा नको, त्यातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं. लिंबूपाणी चालेल, आवळा तर उत्तमच. क जीवनसत्त्वाने लोह नीट शोषलं जातं, म्हणून मेथीच्या भाजीवरही लिंबू पिळायला सांग. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आपल्या बायका सगळ्या गोळ्या एका घोटात उरकतात, ती सवय मोडायला दोन-तीन भेटी लागतील.

हिमोग्लोबिन 11च्या खाली दिसलं की नर्सताईंना कळव. 7च्या खाली असेल तर त्याच दिवशी तिला घेऊन दवाखाना गाठ.