हिरवी पूड पुसून भागत नाही

उत्खननात सापडलेल्या वस्तू प्रयोगशाळेत कशा जतन होतात, यावर गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना ही उत्तरं.

प्रश्न : ब्राँझचं एक जुनं नाणं माझ्याकडे आहे. त्यावर फिकट हिरव्या पुडीचे ठिपके येतात. पुसले तरी महिन्याभरात पुन्हा हजर. एकदाचं पॉलिशने घासून लख्ख करून टाकू का?

उत्तर : नको. पॉलिशची बाटली आधी कपाटात ठेवा, मग पुढचं वाचा.

नाण्यावरचं सगळंच हिरवं वाईट नसतं. थर गडद, घट्ट, गुळगुळीत असेल तर त्याला हात लावू नये. पुष्कळदा अक्षरं त्या थरातच शाबूत असतात, खालच्या धातूत नव्हे. घासलंत की अक्षरं फडक्यावर! तुमची पूड मात्र वेगळी दिसते. फिकट, मऊ, सुईचं टोक लागताच गळणारी. हिला आम्ही ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतो. नाव रोगाचं असलं तरी यात जंतूबिंतू काही नाही. मातीतलं मीठ धातूत शिरतं आणि गंजाच्या थराखाली क्युप्रस क्लोराइड होऊन गप्प बसतं. ओलावा आणि ऑक्सिजन तिथवर पोचले की त्याची ही पूड होते. पुडीला जागा जास्त लागते, म्हणून ती वरचा थर उचलून बाहेर पडते. तुम्ही पुसता ती नुसती पूड, आतला कारखाना चालूच असतो.

शंका असली तर आम्ही वस्तू दमट डब्यात ठेवून एक-दोन दिवस वाट बघतो. पूड परत आली तर निदान पक्कं. तुमच्या नाण्याने ही परीक्षा आपणहूनच दिली आहे. त्याला घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, भरपूर सिलिका जेलसोबत ठेवा. डब्यातली आर्द्रता 35 टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे; आर्द्रता दाखवणारा कागदाचा तुकडा आत टाकला की ते कळतं. प्रयोगशाळेत यापुढे बेंझोट्रायझोल या गंज रोखणाऱ्या रसायनाचे उपचार होतात, पण ते रसायन घरी हाताळण्याचं नाही.

प्रश्न : लोखंडी वस्तूवरचा गंज काढायला तुम्हा लोकांना महिनेच्या महिने कशाला लागतात?

उत्तर : कारण घाई केली की काय होतं ते मी करून बसले आहे.

उमेदवारीच्या दिवसांत माझ्या टेबलावर एक सुरी आली. सुरी कसली, गंजाचं ढेकूळच. एक्स-रेत पात्याची कड स्वच्छ दिसत होती, म्हणून मी खुशीत. सूक्ष्मदर्शक ओढून घ्यायचाही आळस केला आणि स्कॅल्पेलने खरवडायला बसले. तासाभराने शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खाली पडलेला एक कपचा उचलला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मला हाक मारली. नखाएवढ्या त्या कपच्यावर विणीचे धागे होते, उभे-आडवे मोजता येतील इतके स्पष्ट. सुरी कापडात गुंडाळून पुरली गेली होती. कापड कुजून जायच्या आत लोखंडाच्या क्षारांनी धाग्यांचा आकार धरून ठेवला होता. म्हणजे तासभर मी जो गंज म्हणून खरवडत होते, ते कापड होतं. बाई रागावल्या नाहीत. “भुगा फेकू नकोस,” एवढंच म्हणाल्या. भुग्यात आणखी दोन कपचे मिळाले, बाकीचं गेलं.

दुसरं कारण मीठच. ते आत राहिलं की लोखंडही गंजतच राहतं. गंजाला असं काही चिकटलेलं नाही याची खात्री झाली की वस्तू सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवून ठेवायची, ठरावीक दिवसांनी द्रावणात उतरलेलं क्लोराइड, म्हणजे त्या मिठाचाच अंश, मोजायचं, द्रावण बदलायचं, पुन्हा मोजायचं. आकडा खाली येऊन तिथेच राहीपर्यंत हेच. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू?

प्रश्न : पाण्याखाली शेकडो वर्षं टिकलेलं लाकूड बाहेर काढून नीट वाळवलं की झालं ना?

उत्तर : वाळवलं की संपलं! जिवाणूंनी पेशींच्या भिंती पोखरलेल्या असतात आणि लाकडाचा आकार निव्वळ आतल्या पाण्याने तोललेला असतो. पाणी उडून जाताना पेशी आत ओढल्या जातात, लाकूड आक्रसतं, पिळवटतं, तडकतं. म्हणून पाण्याच्या जागी हळूहळू पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं द्रव्य मुरवतात. स्वीडनचं ‘वासा’ हे जहाज 1628 मध्ये बुडालं, 1961 मध्ये वर काढलं. त्यावर या द्रव्याचा फवारा 1962 पासून 1979 पर्यंत, तब्बल 17 वर्षं मारला. एवढं करूनही 2000 सालच्या पावसाळी उन्हाळ्यानंतर लाकडावर पांढरे-पिवळे क्षार फुटलेले दिसले. बंदराच्या घाण पाण्यातून मुरलेल्या गंधकाचं आत सल्फ्युरिक ॲसिड होत होतं, आणि गंजलेल्या बोल्टांचं लोखंड त्याला हातभार लावत होतं. जुने बोल्ट बदलण्याचं मोठं काम त्यामुळेच निघालं.

प्रश्न : फुटलेलं मातीचं भांडं जोडायला कोणता गोंद वापरता? सुपरग्लू चालेल?

उत्तर : सुपरग्लू नको, इपॉक्सी तर नकोच. आम्ही पॅरालॉइड बी-72 हे ॲक्रिलिक रेझिन वापरतो. ॲसिटोनमध्ये विरघळवून लावायचं, आणि जोड सोडवायचा झाला तर पुन्हा ॲसिटोनच लावायचं. मी जोडलेलं भांडं उद्या कुणाला चुकीचं वाटलं तर त्याला ते उकलता आलं पाहिजे. एकदा एका सहकाऱ्याने खरंच उकललं. काठाचा तुकडा मी उलटा बसवला होता.